एक हात वर, एक हात मागे

प्रिय अहो आई,

पकडला! आधी एवढं ऐका, तब्येतीचं मागून विचारते. उडता ड्रोन, चारही पंखे गरगरत असलेला, डुलणाऱ्या लाँचवर उभं राहून, भर वाऱ्यात, परवा मी माझ्या हाताने वरच्या वर झेलला. हात शाबूत आहे. दहाही बोटं जागच्या जागी आहेत, अक्षर मात्र नेहमीसारखंच कोंबडीच्या पायासारखं आलंय. वन्सं, हे पत्र तुम्हीच आईंना वाचून दाखवणार. मागच्या पत्रातला तुमच्या यजमानांच्या घोरण्याचा मजकूर तुम्ही गाळलात हे मला कळलंय. या पत्रातलं काही म्हणजे काही गाळू नका. वाटल्यास आधी चहा करून घ्या, पत्र लांबणार आहे.

ड्रोन म्हणजे ते कॅमेरा लावलेलं उडतं यंत्र. वन्संच्या मुलीच्या लग्नात डोक्यांवरून भिरभिरत होतं आणि तुम्ही "मेलं आता कुणाच्या तरी ताटात पडणार" म्हणत ताट झाकून बसला होतात, तेच. तसंच एक, पण त्याहून थोराड, घेऊन पक्ष्यांचा अभ्यास करणारी एक बाई आपल्या धक्क्यावर आली. आम्ही तिला पक्षीबाई म्हणतो. खाडीच्या तोंडाशी जे खडकांचं बेट आहे तिथे पक्षी घरटी करतात. माणूस उतरला की ते अंडी उघडी टाकून उडतात. म्हणून लाँच लांब उभी करायची, ड्रोन पाठवायचा आणि वरून घरट्यांचे फोटो काढायचे. सबंध विणीचा हंगाम हे काम, आणि पुढची काही वर्षंही.

हे काम आपल्यासाठी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, तरी सांगते. पूल झाल्यापासून माणसं पुलावरून जातात, लाँचवर चढतात ती हौशी, रविवारची. या हंगामात धड काम मिळालं तर लाँच ठेवायची, नाही तर विकायची आणि मी तुमच्याकडे राहायला यायचं, असा आपला शब्द झाला होता. तुम्ही मागची खोली रिकामी केलीत, खिडकीला पडदा शिवलात, हे वन्संनी कळवलं. लाँच तुमच्या नावावर, तेव्हा शेवटचा शब्द तुमचाच. पक्षीबाईची अट अशी की आधी चाचणी. ड्रोन लाँचवरून उडवून लाँचवरच हाताने उतरवून दाखवायचा. जमलं तर काम आपलं. आमच्याआधी दोन लाँचवाल्यांनी प्रयत्न केला होता. एकाने ड्रोन पाण्यात घालवला, दुसऱ्याकडे पकडणाऱ्याच्या बोटांना टाके पडले.

तुम्ही म्हणाल, मेल्याला फळीवर उतरवा की, हातात कशाला? मीही तेच म्हणाले. पण ड्रोन वरून खाली येतो तेव्हा लाँच लाटेबरोबर खालून वर येते. फळी त्याच्या पायांना टोला मारते, तो कलंडतो, पंखे फळीला लागतात, की संपलं. हात मात्र तो टोला खाऊन टाकतो. थोडा गुडघा खातो, थोडी कंबर, थोडा खांदा, थोडं कोपर. पक्षीबाईने हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. लाटेचा टोला अंगात जिरवणं हेच तर मी जन्मभर करत आले!

शिकवलं तिने आधी जमिनीवर, धक्क्याच्या मोकळ्या जागेत. केस आवळून टोपीत. गळ्यात, खांद्यावर लोंबणारं काही नको. डोळ्यांवर जाड चष्मा, हातात चामड्याचा मोजा. हात सरळ वर, तोंड बाजूला, यंत्राच्या बरोबर खाली डोकं कधीच न्यायचं नाही. त्याच्या दोन पायांना जोडणारी एक आडवी दांडी तिने मुद्दाम बसवून घेतली आहे, तीच धरायची, आणि खालूनच. त्याच्या पोटाला डोळे असतात. खालून हात आला की त्याला वाटतं कुणी अंगावर आलं, आणि तो बुजून वर पळतो. म्हणून शेवटी शेवटी ती ते डोळे मिटवून ठेवते. धरल्यावर सरळ धरायचा, कारण जरा तिरका झाला तर तो स्वतःला सावरायला दुप्पट जोर करतो आणि हातातून उसळी घेतो. ती पंखे बंद करेपर्यंत पुतळ्यासारखं उभं राहायचं. त्याची पुस्तिकाही मी मागून घेतली आणि शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरासकट वाचली. माझी खोड तुम्हाला माहीत आहे. तुमच्या घरात आले तेव्हा मला सही येत नव्हती, आणि वाचायला लागल्यापासून औषधाच्या बाटलीवरचा कागदही मी सोडत नाही.

सगळं जमलं, एक सोडून. ड्रोनकडे हात न्यायचा नाही, तो हाताकडे येतो. हे मला काही केल्या जमेना. उभा जन्म लाँचच्या टोकावर दोरी झेलण्यात गेलेला. दोरी येताना दिसली की अंग आपसूक पुढे झेपावतं. पक्षीबाई म्हणायची, "काकू, तुम्ही झाड व्हा. पाखरू येईल." मी म्हणायचे, झाड होते गं बाई, पण तुझं पाखरू सुऱ्या घेऊन येतंय त्याचं काय?

इथे जरा ह्यांच्याबद्दल लिहायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. मी टोकावर, हे मागे सुकाणूच्या चाकावर, आणि मध्ये इंजिनाचा धडधडाट. ओरडून काही ऐकू जायचं नाही, म्हणून आमची हातांची बोली होती. मी पुढे बघत उभी, डावा हात पाठीमागे कमरेशी. उघडा पंजा म्हणजे हळू. मूठ म्हणजे आहे तिथे धर. अंगठा ज्या बाजूला, टोक त्या बाजूला. करंगळी म्हणजे अगदी किंचित पुढे, मुंगीच्या पावलाने. मूठ दाखवली की हे लाँच अशी धरायचे की तुम्ही तुमचे दुखरे गुडघे सांभाळत उतरलात तरी पाय अडखळू नये. आणि खूण पोचली हे मला कळावं म्हणून इंजिनाचा आवाज एकदा खाली घ्यायचे, हुंकार दिल्यासारखा. घरात आम्ही दोघं काही फार बोलणारी नव्हतो. सगळं बोलणं त्या पाठीमागच्या हाताने व्हायचं.

हे गेल्यावर तुमचं शेंडेफळ चाकावर आलं. भावजींना मी त्या खुणा कधी केल्या नाहीत. ओरडूनच सांगते. "हळूऽऽ", "डावीकडेऽऽ". दोन वर्षांत माझा गळा बेडकासारखा झालाय. धक्क्यावरचा तिकीटवाला तर म्हणतो, भोंगा कशाला बसवलात, वहिनी आहेत की!

चाचणीच्या दिवशी वारा होता. पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागले होते. पक्षीबाई म्हणाली, आज राहू दे का? भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, विणीच्या दिवसांत वारा काय सुट्टीवर जाणार आहे? उडवा.

उडवला तोही माझ्या हातावरूनच, कारण लाँचचं लोखंड त्याच्या होकायंत्राला भुलवतं. आणि तो सुटल्या सुटल्या आमच्याकडून घोडचूक झाली, जी आपल्याच घरात होऊ जाणे. उतारू उतरला की जागा अडवून बसायचं नाही, लाँच मागे घ्यायची, मागच्याला वाट द्यायची, ही मामंजींपासूनची शिस्त. ड्रोन माझ्या हातातून निघाला, भावजींच्या लेखी उतारू उतरला. त्यांनी सवयीने लाँच मागे घेतली, वळवली, आणि मोठ्या सभ्यपणे चांगली लांब नेऊन उभी केली. कुणाला काही बोलले नाहीत. पक्षीबाईचं डोकं ड्रोनचं चित्र दाखवणाऱ्या पडद्यात, आणि माझं तिच्या खांद्यावर. काय दिसत होतं म्हणून सांगू, अहो आई! खडकाच्या कपारीकपारीत एकेक पांढरी आई, सगळ्या वाऱ्याकडे तोंड करून, पिसं फुगवून गच्च बसलेल्या. एकीच्या पोटाखालून पिल्लाची चोच बाहेर आली तर तिने ती पंखाने आत ढकलली. हुबेहूब तुम्ही!

आता असं आहे, बॅटरी उतरली की ड्रोन आपण होऊन घरी परततो. घर म्हणजे तो जिथून उडाला ती जागा. मग तिथे लाँच असो नाही तर नुसतं पाणी. ते बदलून ठेवता येतं, पण पक्षीबाईला वाटत होतं की आम्ही जागेवरच आहोत. वाऱ्याशी झुंजून बॅटरी लवकर उतरली, ड्रोन बेटावरून वळला, आम्हाला ओलांडून पार पलीकडे गेला, आणि मोकळ्या पाण्यावर थांबून शांतपणे खाली उतरायला लागला. "घर!" मी आणि पक्षीबाई एकदमच किंचाळलो. तिने हुकूम रद्द केला, पाण्याला पाय लागता लागता त्याला उचलला आणि आमच्याकडे वळवला. सगळे फोटो त्याच्या पोटात, आणि बॅटरी तळाला गेलेली.

मोकळी जागा फक्त पुढच्या टोकावर, बाकी सगळीकडे छत. वारा डाव्या अंगाने घ्यायचा आणि ड्रोन उजवीकडून येणार, म्हणजे हुकलाच तर वाऱ्याबरोबर आमच्यापासून लांब जाईल, डोक्यात येणार नाही, असं ठरलं होतं. पण भावजींना त्याची दया आली. बुडत्या माणसाकडे न्यावी तशी त्यांनी लाँच त्याच्या अंगावर घेतली. मी ओरडतेय "थांबाऽऽ", भावजी ओरडतायत "काऽय?", पक्षीबाई ओरडतेय "कुणी हलू नका". तेवढ्यात टोक लाटेवर उठलं, दांडी दिसली, आणि माझं मेलं अंग झेपावलंच. बोटांची टोकं दांडीला लागली, ड्रोन तिरका झाला, आणि गांधीलमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा आवाज करत माझ्या मनगटाला घासून गेला. मोज्याच्या कडेला लांबलचक चीर पडली, आत कातडी वाचली. पक्षीबाईने त्याला कसाबसा बाजूला काढला. ती पांढरी पडली होती. म्हणाली, "काकू, आता एकदाच. त्यानंतर तो माझं ऐकणार नाही, खाली जे असेल त्यावर उतरेल."

मी पाय रोवले. उजवा हात वर केला. आणि डावा हात, मी काही ठरवलं नव्हतं, आपला आपण पाठीमागे गेला. मूठ.

मागे इंजिनाचा आवाज एकदा खाली गेला. हुंकार दिल्यासारखा.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. दोन वर्षांपूर्वी, त्या दिवशी, शेवटचा उतारू उतरल्यावर मी धक्क्याकडे बघतच मागे मूठ दाखवली होती. उत्तर आलं नाही. लक्ष नसेल म्हणून पुन्हा दाखवली. इंजिन चालू होतं, लाँच कशी अगदी जागेवर उभी होती, पण उत्तर नव्हतं. मग मी वळले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून तो हात मी मागे नेला नाही. पुन्हा विचारावं आणि पुन्हा काहीच ऐकू येऊ नये, एवढी छाती नव्हती माझी.

परवा उत्तर आलं. मी वळून पाहिलं नाही. पाहून चालणार नव्हतं, ड्रोन समोर होता. पण एक क्षण, फक्त एक क्षण, चाकावर कोण आहे हे मला ठरवता येईना, आणि ठरवायची घाईही वाटेना. मी अंगठा डावीकडे केला. टोक डावीकडे वळलं आणि लाँचने वाऱ्याला खांदा दिला. करंगळी. लाँच मुंगीच्या पावलाने पुढे सरकली. मूठ. पुन्हा तो हुंकार, आणि लाँच अशी उभी राहिली की पायाखाली पाणी आहे हे विसरावं. पक्षीबाई मागून हळू आवाजात बोलत होती, "येतोय, येतोय, काकू, झाड." या वेळी झाड व्हायला काही करावं लागलं नाही. माझा सगळा जीव पाठीमागच्या हातात होता, वरचा हात नुसता होता. आणि दांडी आली आणि तळहातावर टेकली.

मी बोटं मिटली. कोंबडी धरल्यावर तिचं काळीज हाताला लागतं तसा तो थरथरत होता. मग पंखे थांबले. इतकं शांत झालं की लाँचच्या पोटाखालचं पाणी ऐकू आलं.

आणि मी हसले, अहो आई. नुसती हसले नाही, खिदळले. ड्रोन उंच धरून टोकावर दोन्ही पायांनी उड्या मारल्या, या वयात. पक्षीबाई माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि "काम तुमचं, काम तुमचं" म्हणत होती. भावजी मागून ओरडत होते, "वहिनी, खाली बस! यंत्र झेललंस, आता तुला कोण झेलणार?"

लाँच बांधताना मी त्यांना विचारलं, या खुणा तुम्हाला कुणी शिकवल्या? तर म्हणतात, "शिकवायच्या कशाला? शाळा बुडवून दादाच्या पायाशी बसायचो तेव्हा समोर दिसत काय होतं? तुझी पाठ आणि तुझा हात. फक्त करंगळी दाखवलीस की मला वाटायचं, वहिनीला जायचंय, आणि दादा लाँच थांबवत कसा नाही!" मी पोट धरून हसले. मग दोरीला शेवटचा वेढा देत, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "दोन वर्षं रोज वाट बघतोय. मला वाटलं, दादाच्या जागेवर बसणाऱ्याला तू ती खूण करणारच नाहीस."

आता हे पत्र कशासाठी ते. ड्रोनचा कॅमेरा शेवटपर्यंत चालू होता. त्यात आधी माझा पंजा दिसतो, मग टोपी, मग माझे सगळे दात, आणि मग चित्र उलटंपालटं होऊन चाकावर बसलेले भावजी दिसतात. त्याच खुर्चीत. तो व्हिडिओ वन्संच्या फोनवर पाठवायला ते उतावीळ झालेत, पण मी पाठवू दिला नाही. अहो आई, तुम्ही फोनवर माझ्या एकटेपणाची काळजी करता, आणि फोन ठेवता ठेवता विचारता की धाकट्याला धाप लागते का, रंग कसा आहे, रात्री झोपतो का नीट. खुर्ची तरी बदला गं, असंही एकदा म्हणालात. मागची खोली तुम्ही माझ्यासाठी केलीत, पण लाँच विकायची आहे ती भावजींसाठी, ते त्या खुर्चीवरून उठावेत म्हणून, हे मला केव्हाच कळलं होतं. तुम्ही बोलला नाहीत, मीही बोलले नाही. काल मी भावजींना धरून डॉक्टरांकडे नेलं, हृदयाच्या सगळ्या तपासण्या करवल्या. ठणठणीत आहे म्हणाले. पण तेवढ्याने तुमची धडधड थांबायची नाही, कारण ह्यांनाही डॉक्टर ठणठणीतच म्हणाले होते. शब्दाप्रमाणे काम मिळालं, लाँच राहिली, तरी त्या शब्दात मी तुम्हाला धरत नाही. मी लाँच मागत नाहीये, तुमचं शेंडेफळ मागतेय. एक मुलगा त्या चाकावर गेला त्या आईकडे दुसरा मागायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहिलं. भावजींना राहायचं आहे, पण ते स्वतः विचारणार नाहीत, तुम्ही रडाल म्हणून. फोन करू नका. फोनवर माझा आवाज ऐकलात की तुम्ही हो म्हणाल. सावकाश विचार करा आणि वन्संकडून लिहून पाठवा. नाही असेल तर नाहीच लिहा, वन्सं, गोड करून लिहू नका. मी सामान बांधून येईन आणि रुसणार नाही. पक्षीबाईला पहिल्या फेरीची घाई झाली आहे. तिला सांगितलंय की आमच्या मालकीणबाईंचं उत्तर यायचंय. तोवर लाँच धक्क्याला बांधून ठेवली आहे.

तुमचीच,
एकुलती एक सून